चौदा मांजरे आणि एक वही

आमच्या इमारतीमागच्या पडीक जागेत राहणाऱ्या मांजरांची नसबंदी करून घ्यायची असे मी ठरवले, तेव्हा ती नऊ आहेत अशी माझी ठाम समजूत होती. मांजर पकडायचे, शस्त्रक्रिया करून घ्यायची आणि जिथून पकडले तिथेच नेऊन सोडायचे, एवढ्या तीन पायऱ्यांचे हे काम पंधरा दिवसांत उरकेल असा माझा हिशेब होता. प्रत्यक्षात मोठी मांजरेच चौदा निघाली आणि काम साडेचार महिने चालले.

हे काम अनेक वर्षे करणाऱ्या एका बाईंकडे मी सापळा मागायला गेले, तर त्यांनी मला रिकाम्या हाताने परत पाठवले. आधी दोन आठवडे रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी खाणे ठेवा, अर्ध्या तासाने उरलेले उचला आणि तेवढ्या वेळात कोण कोण येते ते वहीत लिहा, असे त्यांनी सांगितले. मला तो वेळकाढूपणा वाटला. पण त्या वहीनेच माझी पहिली चूक उघडी पाडली. ज्याला मी ‘काळा’ म्हणत होते ते एक मांजर नसून तीन होती. एकाचे शेपूट टोकाशी मोडलेले होते, दुसऱ्याच्या छातीवर पांढरा ठिपका होता आणि तिसऱ्याचे गाल एवढे जाड होते की तो पूर्ण वाढलेला बोका आहे हे लांबूनही कळावे. रंगांचाही अंदाज बांधायला उपयोग होतो. रंग केशरी की काळा हे ठरवणारे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी भाटीच असते, आणि केशरी मांजरांमध्ये बोक्यांचे प्रमाण जास्त असते. प्रत्येकासाठी मी एक पान ठेवले: रंग, खुणा, बोका की भाटी, पोट दिसते का, सोबत पिल्ले आहेत का.

घाई करण्यासारखे कारण मात्र खरेच होते. भाटी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, साधारण ६३ ते ६५ दिवसांत विते, आणि पिल्ले अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. त्यामुळे दोन-तीन भाट्या जरी राहून गेल्या, तरी केलेले काम पाहता पाहता वाया जाते. म्हणूनच समूहातल्या निदान सत्तर टक्के मांजरांची नसबंदी व्हावी, असे या कामातले लोक धरून चालतात. ‘त्यापेक्षा सगळी उचलून लांब सोडून या’ हा सल्ला मला इमारतीतल्या प्रत्येक मजल्यावर मिळाला. परंतु खाणे आणि आडोसा तसाच राहिला की रिकाम्या जागेत दुसरी मांजरे येतात, आणि अनोळखी जागी सोडलेली मांजरे बहुधा तिथे टिकत नाहीत, भरकटतात. हे समजावता समजावता माझा घसा सापळ्यांपेक्षा जास्त वापरला गेला.

सापळा म्हणजे जाळीचा लांबट पिंजरा. मांजर आत शिरून टोकाकडच्या खाण्यापर्यंत पोहोचताना पायपट्टीवर पाय देते आणि मागे दार पडते. आम्ही आठवडाभर दारे वर बांधून ठेवली आणि खाणे पिंजऱ्यातच दिले, म्हणजे आत जाणे त्यांच्या सवयीचे व्हावे. पकडण्याच्या आदल्या दिवशी खाणे पूर्ण बंद ठेवावे लागते, पाणी चालू. भुकेले मांजर सापळ्यात जाते हे एक, आणि भूल देताना पोट रिकामे असलेले बरे हे दुसरे. हे मी सगळ्यांना सांगितले, फक्त तळमजल्यावरच्या काकूंना सांगायचे राहिले. त्यांनी ‘आज कुणी काही घातलेले दिसत नाही’ म्हणून दयेने भरपूर खाऊ घातले, आणि त्या रात्री सहा सापळ्यांसमोर आठ तृप्त मांजरे अंग चाटत बसली. दोष काकूंचा नव्हता.

दुसऱ्या खेपेला पाच मिळाली. दार पडताच मांजर जाळीवर धडका मारू लागते, ते पाहवत नाही; पण वरून जाड चादर टाकली की अंधारात ते काही क्षणांत गप्प होते. सापळे लावून निघून जायचे नसते, आणि काहीही झाले तरी मांजर असताना दार उघडून आत हात घालायचा नसतो, हे दोन नियम मी शेवटपर्यंत पाळले.

त्या पाचांत एक पट्टेरी भाटी होती. सकाळच्या उजेडात चादर उचलली तेव्हा तिची आचळे फुगलेली आणि भोवतालचे केस झडलेले दिसले. म्हणजे कुठेतरी पिल्ले होती, आणि माझ्या वहीत तिच्या पानावर ‘पिल्ले नाहीत’ असे लिहिलेले होते. मी तिला सोडून द्यायला निघाले होते, पण डॉक्टरांनी थांबवले. पाजणाऱ्या भाटीची शस्त्रक्रिया करता येते, तिचे दूध त्याने आटत नाही, फक्त तिला जास्त काळ अडकवून ठेवू नये, असे ते म्हणाले. तिला सर्वांत आधी घेतले आणि ती पूर्ण शुद्धीवर आल्यावर त्याच रात्री सोडले. ती मागे वळूनही न पाहता पडक्या भिंतीमागे गेली. दोन आठवड्यांनी तिथूनच चार पिल्ले बाहेर आली. ती माणसाळण्याच्या वयात होती, त्यामुळे त्यांना घरे मिळाली. आणखी महिना-दोन महिने उशीर झाला असता तर तीही वहीत गेली असती.

दवाखान्यात पाहिलेल्या गोष्टींपैकी कानाची गोष्ट मला आधी पटली नव्हती. नसबंदी झाल्याची खूण म्हणून भूल असतानाच कानाचे टोक, मोठ्या मांजरात सुमारे एक सेंटिमीटर, सरळ रेषेत कापतात. आमच्या डॉक्टरांनी सगळ्यांचा डावा कान घेतला. भांडणात फाटलेले कान कितीतरी मांजरांचे असतात, म्हणून खाच पुरत नाही, लांबून दिसणारी सरळ कड लागते. टाके विरघळणारे असतात, कारण असे मांजर टाके काढायला पुन्हा हाती लागत नाही. त्याच वेळी रेबीजची लसही दिली जाते. बोके दुसऱ्या दिवशी सोडले, भाट्या बहुतेक दोन रात्री ठेवल्या. नसबंदीनंतरही बोका काही आठवडे भाटीला गाभण करू शकतो, हे माहीत नसते तर जाड गालांच्या काळ्याचे पुढचे उद्योग पाहून मी डॉक्टरांशी भांडले असते. त्याचे मूत्र शिंपडणे आणि रात्रीचे ओरडणे हळूहळू कमी झाले.

तेरा मांजरे झाली आणि करडी राहिली. ती सापळ्याच्या दारापर्यंत येई, बसे, इतरांना आत जाताना पाही आणि उठून जाई. सहा आठवडे तिने मला असे बसवून ठेवले. शेवटी बाईंनी दोरीचा सापळा दिला: मोठी जाळीची चौकट, एका बाजूने काठीवर टेकवलेली, काठीला दोरी, आणि दोरीचे टोक दूर बसलेल्या माझ्या हातात. पायपट्टी नाही, अरुंद तोंड नाही. तिसऱ्या संध्याकाळी ती चौकटीखाली पूर्ण आली आणि मी दोरी ओढली.

दुपारी डॉक्टरांचा फोन आला. पोटावरचे केस काढल्यावर जुन्या टाक्यांचा व्रण दिसला होता. करडीची नसबंदी केव्हाच, कुणीतरी करून घेतलेली होती. कान मात्र कापला नव्हता. भूल होतीच, तेव्हा कानाचे टोक घेतले, लस दिली, आणि दुसऱ्या दिवशी मी तिला पडक्या भिंतीपाशी सोडले.

घरी येऊन तिचे पान काढले. वेगवेगळ्या तारखांना मी तिथे पाच वेळा एकच नोंद केली होती: ‘अजून गाभण दिसत नाही.’ पाचही ठिकाणचा ‘अजून’ मी खोडला.