निदान नंतर, सुरुवात आधी

दोन वर्षांचे मूल एकही शब्द बोलत नसेल, हाक मारल्यावर वळून पाहत नसेल किंवा हवी ती वस्तू बोट दाखवून मागत नसेल, तर आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो तो थांबण्याचा. ‘ह्याचा बाप बी तीन वर्षांनीच बोलला होता’ हे वाक्य आमच्याही घरात म्हटले गेले, आणि तो बाप मीच असल्यामुळे त्यावर मला फारसे काही बोलता येईना. शेजारच्या काकूंनी वेखंड मधात उगाळून जिभेला चोळायला सांगितले, एका मावशींनी नवस सुचवला, आणि एका दवाखान्यात डॉक्टरांनी लेकराकडे नीट पाहण्याआधीच ‘तीन वर्षांचा होऊ द्या, मग बघू’ असे सांगून आम्हाला वाटेला लावले. या सगळ्यांना आमचे भलेच व्हावे असे वाटत होते, यात शंका नाही. तरीही मराठवाड्यातल्या लहान गावांत विकासात मागे पडणाऱ्या मुलांचे सर्वाधिक नुकसान या थांबण्यानेच होते, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

वाढीचे टप्पे सगळ्या मुलांत एकाच वेळी येत नाहीत हे खरे, पण त्यालाही काही मर्यादा असते. मान साधारण चौथ्या महिन्यापर्यंत सावरावी, आधाराशिवाय बसणे नवव्या महिन्यापर्यंत जमावे, दीड वर्षापर्यंत मूल चालू लागावे आणि दोन वर्षांचे होईतो ‘पाणी दे’, ‘बाबा आले’ असे दोन शब्द जोडून बोलू लागावे, अशी ढोबळ अपेक्षा असते. एखादाच टप्पा थोडा लांबला तर घाबरून जाऊ नये; परंतु दोन-तीन बाबतींत मूल मागे असेल, किंवा आधी बोलत असलेले शब्द बोलायचे बंद झाले असेल, तर तपासणीला अजिबात उशीर करू नये. हे टप्पे गरोदरपणात मिळणाऱ्या माता व बाल संरक्षण कार्डावर चित्रांसह छापलेले असतात. आपण ते कार्ड लसीची नोंद करण्यापुरते उघडतो आणि पुन्हा कपाटात ठेवतो.

सरकारी व्यवस्थेतले पहिले दार अंगणवाडीतच आहे, हे फार थोड्या पालकांना माहीत असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला आणि त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. जन्मजात व्यंग, पोषणातील कमतरता, आजार आणि विकासातील विलंब अशा चार अंगांनी मुलांना पाहिले जाते. या कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येणे अपेक्षित असते. मात्र गाडी येण्याच्या दिवशी ‘फार रडतो, कुणाला हात लावू देत नाही’ म्हणून जे मूल घरी ठेवले जाते, नेमके त्यालाच पथकाने पाहायला हवे असते. सेविकाताईंना आधी सांगून ठेवावे आणि त्या दिवशी काम बाजूला ठेवून मुलाबरोबर स्वतः जावे. पथकाची संदर्भ चिठ्ठी मिळाली, की जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे सगळे ज्याला ‘डीईआयसी’ म्हणतात तिथे, जाता येते. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा व श्रवणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक अशी माणसे एकाच छताखाली असावीत, ही त्या केंद्रामागची कल्पना आहे. प्रत्यक्षात एखादे पद रिकामे असते, कुणी आठवड्यातले ठरावीक दिवसच येते, तेव्हा निघण्यापूर्वी फोन करून विचारणे शहाणपणाचे ठरते. एवढे असूनही सुरुवात तिथूनच करावी असे मी सांगेन, कारण पुढे लागणारे बहुतेक कागद त्याच आवारात तयार होतात.

बोलण्यात उशीर असणाऱ्या प्रत्येक मुलाची ऐकण्याची तपासणी सर्वांत आधी व्हावी. मूल भांडे पडल्याच्या आवाजाला दचकते म्हणजे त्याला सगळे ऐकू येते, असे समजणे धोक्याचे आहे. माणसाच्या बोलण्यातले बारीक ध्वनी त्याच्या कानापर्यंत पोहोचत नसण्याची शक्यता तरीही राहते. लहान मुलांसाठी ‘बेरा’ ही तपासणी करतात आणि ती मूल गाढ झोपलेले असतानाच नीट होते, म्हणून आदल्या रात्री त्याला उशिरा झोपवून पहाटे लवकर उठवायला सांगतात. परभणी-जालना मार्गावरच्या आमच्या गावाहून पॅसेंजरने जाणाऱ्या आईबापाची यात काय परीक्षा होते, ती करणाऱ्यालाच कळते. गाडीच्या लयीत लेकराचे डोळे मिटायला लागले की खिडकीतली म्हैस दाखवायची, गालाला पाण्याचा हात लावायचा, खारे शेंगदाणे विकणाऱ्याला मुद्दाम जवळ बोलवायचे. एवढे करून तपासणीच्या खोलीत पोहोचल्यावर साहेब टक्क जागे, आणि औषधाचा चमचा पोटात गेल्यावरही तासभर आम्हालाच झोपेच्या डुलक्या! डोळ्यांची, थायरॉइडची आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनची तपासणीही याच सुमारास उरकून घ्यावी. एमआरआय मात्र प्रत्येक मुलाला लागत नाही. तो काढला म्हणजे उपचार सुरू झाले, असा समज अनेकांचा होतो आणि वर्षभराच्या थेरपीचे पैसे त्या एका फिल्ममध्ये खर्च होतात.

त्यानंतर प्रश्न येतो तो नावाचा. ‘नक्की काय आहे?’ हे आम्ही प्रत्येक टेबलासमोर विचारले आणि प्रत्येक ठिकाणी जरा वेगळे उत्तर मिळाले. याचे कारण डॉक्टरांचे अज्ञान नव्हे. पाच वर्षांखालच्या मुलात चित्र बदलत असते आणि म्हणूनच कागदावर बहुधा ‘ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले’, म्हणजे एकूणच विकासात विलंब, असे सर्वसमावेशक निदान लिहितात. स्वमग्नता (ऑटिझम), बौद्धिक अक्षमता की केवळ भाषेतला विलंब, हे पुढे स्पष्ट होत जाते. थेरपी मात्र या नावासाठी अडून राहत नाही. मूल एका जागी बसत नसेल तर बसण्यावर, नजर देत नसेल तर नजरेवर, घास चावत नसेल तर चावण्यावर काम आजच सुरू करता येते. पहिली काही वर्षे मेंदूची जडणघडण सर्वांत वेगाने होत असते, तेव्हा त्या काळातले महिने निदानाची वाट पाहण्यात घालवणे परवडणारे नाही.

मोठ्या शहरात राहणाऱ्या पालकांना आठवड्यातून तीन-चार सेशन घेता येतात. आमच्यासारख्यांना दर खेपेला दोघांपैकी एकाची रजा, गाडीभाडे आणि सेशनचे काहीशे रुपये एवढे जमवावे लागते, आणि सोयाबीन-कापसाचा हंगाम आला की बाजार समितीत माझी रजाही मंजूर होत नाही. त्यामुळे थेरपिस्ट निवडताना एकच कसोटी आम्ही लावली : दार बंद करून मुलाला आत नेणारी व्यक्ती नको, आईला शेजारी बसवून शिकवणारी हवी. सुदैवाने तशा एक ताई भेटल्या. पहिल्याच भेटीत त्यांनी झाकण घट्ट लावलेल्या पारदर्शक बरणीत मुरमुरे भरून ती मुलाच्या हातात दिली आणि स्वतः गप्प बसल्या. त्याने बरणी आपटली, दाताने झाकण चावले, शेवटी ती त्यांच्या मांडीवर ढकलली. त्या तशाच थांबल्या. त्याची नजर त्यांच्या तोंडाकडे वळताक्षणी ‘उघड!’ असे मोठ्याने म्हणून त्यांनी झाकण काढले आणि अगदी मोजून चार मुरमुरे त्याच्या तळहातावर ठेवून बरणी पुन्हा बंद केली. हेच पुन्हा, पुन्हा आणि पुन्हा. घरात आपण लेकराने मागायच्या आत वाटी पुढे करतो, म्हणून मागण्याची गरजच त्याला कधी पडत नाही, हे त्यांनी पुढे समजावून सांगितले.

घरी आल्यावर या पद्धतीत सर्वांत तरबेज निघाली ती माझी आई, जी आरंभी या सगळ्याला ‘शहराची थेरं’ म्हणत असे. भाकरी थापायला बसली की ती नातवाला समोर घेते, एका हातात पिठाचा गोळा आणि दुसऱ्या हातात पाण्याची वाटी धरून ‘पीठ का पाणी?’ एवढेच विचारते आणि त्याचे उत्तर येईपर्यंत तवा तापत राहिला तरी हलत नाही. पूर्वी तो नुसता हात घालायचा, मग बोट दाखवू लागला, आता ‘पी’ म्हणतो. परातीतल्या ज्वारीत हात बुडवणे, उशी ढकलत ओसरीपर्यंत नेणे, कपडे वाळत घालताना चिमटे दाबणे ही त्याची ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजच्या कामांतून शरीराला दिलेला सराव, आणि तिला वेगळा खर्च नाही. मात्र काय करायचे, किती करायचे आणि पुढची पायरी केव्हा घ्यायची हे ठरवणारे तज्ज्ञ डोळे अधूनमधून लागतातच. आम्ही घरातले छोटे व्हिडिओ ताईंना पाठवतो आणि प्रत्यक्ष भेटीच्या मधल्या काळात त्या फोनवरून बदल सुचवतात.

भाषेबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. बोलण्यात उशीर आहे म्हणून घरातली भाषा बदला, इंग्रजी शाळेत घालायचे असेल तर इंग्रजीच बोला, असे सांगणारे आजही भेटतात. याला शास्त्रीय आधार नाही. घरात दोन भाषा असल्यामुळे विलंब होत नाही, आणि ज्या भाषेत आई रागावते, हसते, झोपवते तीच भाषा मुलाला सर्वांत लवकर उमगते. थेरपीच्या तयार चित्रकार्डांवर स्ट्रॉबेरी आणि पेंग्विन असतात. आमच्या मुलाने दोन्ही कधी पाहिलेले नाहीत. आम्ही बोरे, भाकर, शेळी, ट्रॅक्टर, आजीचा चष्मा यांचे फोटो काढून त्यांची कार्डे केली आणि ताईंनी आनंदाने तीच वापरली. मोबाइलचेही तसेच. दोन वर्षांखालच्या मुलाच्या हातात पडदा देऊ नये हे योग्यच आहे, पण प्रत्येक विलंबाचे खापर मोबाइलवर आणि पर्यायाने आईवर फोडणे सोयीचे असले तरी बरोबर नाही.

केंद्रांविषयी सांगायचे तर आपल्याकडे अगदीच अंधार नाही. लातूरजवळ हरंगुळला ‘संवेदना’ हे सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर परिणाम झालेल्या मुलांसाठीचे केंद्र आहे, छत्रपती संभाजीनगरात ‘आरंभ’ ही संस्था स्वमग्न मुलांसाठी काम करते. पूर्ण मूल्यमापन एकदा मोठ्या संस्थेत करून घ्यायचे असेल तर लोक पुण्या-मुंबईकडे पाहतात, परंतु निजामकाळापासून हैदराबादची वाट ज्यांच्या पायाखालची आहे त्या आपल्या भागाला सिकंदराबादची राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्था अधिक सोयीची पडते. १९८४ साली स्थापन झालेल्या या केंद्र सरकारच्या संस्थेत लहान मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेपाची सोय आहे. तिथे संवाद हिंदीतून करावा लागतो, तेवढी तयारी ठेवावी, आणि आधीचे सगळे अहवाल तारखेप्रमाणे लावून न्यावेत.

कुणाकडेही जाताना नोंदणी तपासण्यात संकोच करू नये. वाचा उपचारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि विशेष शिक्षक यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. ‘तीन महिन्यांत बोलता करतो’ अशी हमी देणारा जिथे भेटेल तिथून उठावे. स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी टोचून मूल बरे करण्याच्या जाहिराती आता आपल्या शहरांतही पोहोचल्या आहेत; वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही विकारांपलीकडे हा उपचार संशोधनापुरताच मर्यादित आहे. आमच्या ओळखीतल्या एकाने त्यासाठी शेत गहाण टाकायची तयारी केली होती. त्यांना थांबवताना मला फार कठोर बोलावे लागले.

कागदपत्रांचा कंटाळा येतो, पण ती टाळू नयेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारचे दिव्यांगत्व मान्य केले आहे. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून वैद्यकीय मंडळासमोर मुलाला न्यावे लागते. लहान मुलांचे प्रमाणपत्र बहुधा तात्पुरते असते, त्याची मुदत लक्षात ठेवावी. काही जण ‘शिक्का बसेल’ म्हणून प्रमाणपत्रच काढत नाहीत. शिक्का गाव तसाही मारतेच. कार्ड असले तर निदान एसटीच्या तिकिटात ७५ टक्के सवलत मिळते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ विमा योजना आहे, तिची मर्यादा १ लाख रुपये असून थेरपीचा काही खर्चही त्यात बसतो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो, हे ग्रामसभेत विचारल्याशिवाय कुणी आपणहून सांगत नाही.

येत्या जूनमध्ये मुलाला जिल्हा परिषदेच्या शाळेत घालायचे आम्ही ठरवले आहे. गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना भेटून त्याचे अहवाल दिले आहेत, आणि त्याच्या वर्गबाईंना ‘पीठ का पाणी’ची पद्धत समजावून सांगायला माझी पत्नी एकदा जाऊन आली आहे. प्रार्थनेच्या वेळी लाउडस्पीकरचा आवाज त्याला सहन होत नाही, तेव्हा पहिले काही दिवस त्याला रांगेत शेवटी, फाटकाजवळ उभे करता येईल का, हे मुख्याध्यापकांशी बोलायचे राहिले आहे.