बहात्तर गावांचं स्वराज्य

औंध म्हटलं की यमाई, मूळपीठावरचं संग्रहालय आणि सूर्यनमस्कार, एवढंच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतं. शाळेच्या या स्मरणिकेत मला औंधच्या राज्यकारभाराबद्दल लिहावंसं वाटतं, कारण आपल्या मुलांना तोच सगळ्यात कमी ठाऊक असतो.

संस्थान लहान, जेमतेम पाचशे चौरस मैलांचं, गावं बहात्तर, आणि तीही सलग नाहीत. औंध, आटपाडी, कुंडल हे तुकडे सातारा जिल्ह्यात विखुरलेले, तर गुणदाळ पार विजापूरकडे. मधला मुलूख इंग्रजांचा. 1820 च्या इंग्रजांशी झालेल्या तहाने औंधचे राजे, म्हणजे पंतप्रतिनिधी, साताऱ्याच्या छत्रपतींचे जहागीरदार म्हणून राहिले. 1848 मध्ये सातारा खालसा झालं आणि औंध थेट इंग्रजांच्या अंमलाखाली आलं.

श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब 1909 मध्ये गादीवर आले. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा बाळासाहेबांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळचा निवडुंगाचा माळ दिला. 1910 मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि पुढे स्टेशनालाही तेच नाव मिळालं. लोखंडी नांगराचा कारखाना रेल्वेला लागून असणं किती सोयीचं, हे वेगळं सांगायला नको.

खरी मोठी गोष्ट मात्र जानेवारी 1939 ची. गांधीजींच्या सल्ल्याने आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन ऊर्फ भारतानंद यांच्या मदतीने औंधची स्वराज्य घटना तयार झाली. युवराज अप्पासाहेब पंतांनी त्यासाठी जिवाचं रान केलं. रचना खालून वर जाणारी होती. गावाने पाच पंच निवडायचे, पंचांनी अध्यक्ष. तालुक्यातल्या अध्यक्षांची तालुका समिती, आणि तिथून प्रतिनिधी मध्यवर्ती सभेत. गावच्या शेतसाऱ्यातला वाटाही गावाकडे येई. माझ्या मते घटनेचा जीव त्या वाट्यात होता. हाती पैसा नसेल तर पंचायत नुसती चावडीवरची बैठक.

अडचणी थोड्या नव्हत्या. आटपाडीचा भाग पावसाच्या छायेतला, तिथे सारा बुडाला की पंचायतीची थैली रिकामी. तालुके तुटक, म्हणून सलग योजना आखणं अवघड. आणि वर इंग्रजांची अधिसत्ता होतीच. पण त्याच तुटकपणाचा 1942 नंतर उपयोग झाला. इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या भूमिगतांना कुंडलात आसरा मिळाला, कारण इंग्रजी पोलिसांना संस्थानच्या हद्दीत सहज शिरता येत नव्हतं.

आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर तर आवर्जून बघावं. भिंत नसलेला तुरुंग. कैदी कुटुंबासह राहून शेती करत.

8 मार्च 1948 ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. पुढे आटपाडी आणि कुंडल सांगलीकडे गेलं, औंध साताऱ्यात राहिलं, गुणदाळ कर्नाटकात.