लस दिली ना, मग सिरम कशाला?

सहा वर्षांचा मुलगा. गालावर दातांच्या खुणा, उजव्या हाताच्या बोटावर खोल चावा. कुत्रं भटकं, चावून पळालेलं. आजींनी जखमेत मिरचीपूड भरली होती, त्यामुळे पोर हात लावू देईना. तरी पहिलं काम तेच: नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुणं, घड्याळ बघून. रेबीजच्या विषाणूवर चरबीचं आवरण असतं, साबणाने ते फुटतं. मग जंतुनाशक, पोव्हिडोन आयोडीन. टाके घातले नाहीत. सुईबरोबर विषाणू आणखी खोल जातो.

"लस दिली की झालं ना, डॉक्टर?" वडिलांनी विचारलं. ग्रामीण रुग्णालयात हा प्रश्न रोजचाच. लशीतला मेलेला विषाणू ओळखून शरीराने पुरेशा अँटिबॉडी बनवायला सात ते चौदा दिवस जातात. तोवर जखमेतला विषाणू मज्जातंतूत शिरला, तर अँटिबॉडी तिथे पोचत नाहीत. आणि तो पेशींची फारशी मोडतोड न करता मेंदूकडे सरकतो, म्हणून प्रतिकारशक्तीला चाहूलही लागत नाही. गालापासून मेंदू तर जवळच. सिरम म्हणजे तयार अँटिबॉडी, मधल्या दिवसांपुरत्या.

वजन १६ किलो. घोड्याचं सिरम किलोला ४० युनिट, म्हणजे ६४०. पाच मिलीच्या, १५०० युनिटांच्या कुपीतून सुमारे २.१ मिली. सगळ्या जखमांना पुरावं म्हणून सलाइन घालून दुप्पट केलं आणि जखमांच्या आत, कडेने भरलं. बोटात जपून, जास्त दाबलं तर रक्तपुरवठा अडतो. अ‍ॅड्रिनलीन हाताशी, घोड्याच्या सिरमची तीव्र ॲलर्जी उठली तर. कुल्ल्यावर टोचलेलं सिरम केसपेपरवर छान दिसतं, जखमेत जवळपास काहीच पोचत नाही.

लस दोन्ही दंडांवर, कातडीच्या आत ०.१ मिली, दिवस ०, ३, ७ आणि २८. बारीक फुगवटा उठला नाही तर सुई खोल गेली, पुन्हा द्यायची. आजींना पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती. मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ती लस केव्हाच बंद झाली.

निघताना वडील म्हणाले, "त्याच कुत्र्याने परवा शेजारची पोरगी धरली. तिला नुसती लस दिलीय."

लशीच्या पहिल्या डोसापासून सातव्या दिवसापर्यंत सिरम चालतं. पुढे शरीराच्या स्वतःच्या अँटिबॉडी येऊ लागतात आणि बाहेरच्या त्यांच्या आड येतात. म्हणजे वेळ होती. दुपारी तिला आणलं. पोटरीवर दोन खोल जखमा, वजन २१ किलो, ८४० युनिट. सकाळच्या कुपीत, फ्रीजमध्ये, ८६० उरले होते.