आमची वाटचाल : 38 मिलिमीटरची चौकट

लहान पाखरांना दाणा आणि मोठ्यांना मज्जाव, एवढंच आमचं काम. फीडर, म्हणजे पाखरांना दाणा घालायचं टांगतं भांडं, विकणारे पुष्कळ आहेत. पण कबुतर, कावळा, साळुंकी बाहेर राहतील आणि चिमण्या-मुनिया आत निवांत बसतील, असा फीडरभोवतीचा पिंजरा आमच्या कारखान्यात पहिल्या तारेपासून हाताने जोडला जातो. हे ठासून लिहिते, कारण मधल्या काळात आमचंच काम दुसऱ्याच्या खोक्यावर छापलेलं मला बघावं लागलं.

सुरुवातीला एक स्पॉट वेल्डिंग मशीन होतं, दोन पकडी होत्या आणि मिस्त्रीकाका होते. काका माझ्या वडिलांबरोबर खिडक्यांच्या जाळ्या करायचे. भांडवल माझं आणि हात त्यांचे, अशी आमची भागीदारी. पिंजऱ्याचा जिग, म्हणजे तारा धरून ठेवणारा साचा, त्यांनीच बनवला. जाड पत्र्यावर खुंट्या, खुंट्यांमध्ये उभ्या-आडव्या तारा, आणि प्रत्येक सांध्याला मशीनचा एक दाब. दाब कमी पडला तर सांधा महिन्याभरात सुटतो, जास्त झाला तर तार जळून बारीक होते. काका तो आवाजावरून ओळखत. तार 14 गेजची, म्हणजे साधारण 2 मिलिमीटर. त्याहून बारीक तारेची चौकट, म्हणजे जाळीतलं एक घर, बोटांनी दाबली तरी पसरते, आणि पसरलेल्या चौकटीतून साळुंकी आत शिरते. जोडणी झाली की प्रत्येक टोकावरून कानस फिरते, मगच पिंजरा पावडर कोटिंगला जातो. टोक बोटाला लागलं नाही म्हणजे पिसाला लागणार नाही, असं काका म्हणत, आणि आजही आमच्याकडे शेवटची तपासणी बोट फिरवूनच होते.

आता मापाचं. चिमणी 32 मिलिमीटरच्या गोल भोकातून आरामात जाते, घरटी बनवणाऱ्या सगळ्यांना हे ठाऊक आहे. 28 च्या भोकातून ती जात नाही. आम्ही 38 ची चौकट ठरवली. चिमणी उडत येऊन न अडखळता आत शिरते आणि घाबरली तर तशीच बाहेर पडते. पण लोक चौकटीलाच सगळं श्रेय देतात आणि खरं माप विसरतात. कबुतराचं डोकं 38 मधूनही आत जातं. त्याला अडवते ती जाळीपासून दाण्यापर्यंतची पोकळी. खांदे बाहेर अडकले की मान पोहोचेल तिथपर्यंतच त्याची मजल. म्हणून आमच्याकडे जाळी ते दाण्याच्या नळीचं तोंड हे अंतर 13 सेंटिमीटरच्या खाली जात नाही. पिंजरा मोठा होतो, तार जास्त लागते, खोकं मोठं लागतं, भाडं वाढतं. तरीही ते अंतर आम्ही कधी कमी केलं नाही.

स्प्रिंगवर बंद होणारे फीडरही आम्ही करतो. चिमणी 30 ग्रॅमच्या आसपास, कबुतर 300 च्या. मोठं पाखरू दांडीवर बसलं की झडप खाली येते. गिऱ्हाइकं विचारतात, मग याने खारही थांबेल का? नाही, कारण चार चिमण्या एकदम बसल्या तर 120 ग्रॅम होतात, आणि छोट्या जातीची खार जवळपास तेवढीच भरते. वजनावरून तुम्ही कबुतर ओळखाल, खार नाही ओळखणार. खारीसाठी खांबाला छत्रीसारखा अडसर हवा आणि वर टांगलेल्या फीडरवर घुमट हवा. दाण्याला तिखटपूड चोळली तरी चालते. तिखटाची जळजळ खारीला होते, पाखरांना ती जाणवतच नाही.

आमचा माल विकणारा एक व्यापारी होता. दुकानात आमचेच पिंजरे टांगायचा. एक दिवस त्याने मागणी बंद केली आणि दोन महिन्यांत स्वतःचा पिंजरा बाजारात आणला. रंग आमचा, घुमट आमचा, खोक्यावरचा मजकूरही आमचाच. फक्त तार वाचवायला पोकळी 7 सेंटिमीटरवर आणली. मग कबुतरं दाणे खाताहेत अशी ओरड झाली, तेव्हा अंतर वाढवण्याऐवजी त्याने चौकट 28 ची केली. चिमणीचं डोकं आत आणि अंग बाहेर. माना अडकल्याचे फोटो लोकांनी एकमेकांना पाठवले आणि त्या फोटोंत हिरवा पिंजरा दिसत होता. आमचाही हिरवाच. कोणाचा कोणता हे कोण बघतो? आमच्याकडे नवे नग परत येऊ लागले, न उघडलेल्या खोक्यांसकट. जागतिक चिमणी दिवस 2010 पासून 20 मार्चला साजरा होतो, आणि त्याच्या आधीचे आठवडे हा आमचा हंगाम. त्या हंगामात मशीन झाकून ठेवलं होतं. कर्जाचे हप्ते थकले. मिस्त्रीकाकांनी पगार घेणं थांबवलं, तेही मला न सांगता. मशीनला गिऱ्हाईक ठरलं होतं.

आमच्या पहिल्या पिंजऱ्यांपैकी एक एका निवृत्त गणिताच्या बाईंनी नेला होता. किमतीवरून हुज्जत घालणाऱ्या, पण दर पावसाळ्याआधी झडप दाखवायला स्वतः येणाऱ्या. बाईंनी त्या व्यापाऱ्याचा पिंजराही विकत आणला, आमच्या पिंजऱ्याशेजारी टांगला आणि रोज सकाळी वही घेऊन बसल्या. कोण आत गेलं, कोण अडखळलं, कबुतराची मान कुठवर पोहोचली, सगळं लिहिलं. दोन्ही जाळ्यांना पट्टी लावून फोटो काढले आणि ओळखीच्या प्रत्येकाला पाठवले. मग वही घेऊन कारखान्यात आल्या.

"मशीन विकू नका," त्या म्हणाल्या. "ही नावांची यादी. हे आगाऊ पैसे. आणि अगं, खोक्यावर मापं छाप. लोकांना मोजता येतं."

त्या दिवसापासून 38 आणि 13 हे दोन आकडे आमच्या प्रत्येक खोक्यावर आहेत. पुढची वर्षं कामात गेली.

विषय निघालाच आहे तर सांगून टाकते. मिश्र दाणे घालू नका. पाखरं नको ते दाणे खाली भिरकावतात, आणि खालच्या सड्यावर कबुतरं नि उंदीर जमतात. मग जाळी कितीही चांगली असली तरी उपयोग नाही. नुसती बाजरी किंवा राळा घाला, दिवसभरात संपेल एवढाच. ओला दाणा त्याच दिवशी फेकून द्या, बुरशी पाखरांना मारते. आठवड्यातून एकदा फीडर एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाण्याने धुवा, खळखळून विसळा आणि पूर्ण वाळल्यावरच भरा. ब्रिटनमध्ये 2005 पासून ग्रीनफिंच नावाचे छोटे पक्षी ज्या रोगाने झपाट्याने घटले, त्याचा परजीवी कबुतरांमध्ये आधीपासून आढळतो आणि एकत्र खाण्यापिण्यातून पसरतो. कबुतर बाहेर ठेवण्यात दुष्टपणा नाही, हे मला याच एका गोष्टीसाठी पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. आणि फीडर काचेच्या खिडकीपासून एक मीटरच्या आत टांगा, नाहीतर दहा मीटर लांब. मधल्या अंतरावर उडालेलं पाखरू पूर्ण वेगात काचेवर आदळतं. टांगायला साधा आकडा वापरू नका, कावळा तो उचलून सगळा फीडर खाली पाडतो. मळसूत्री कडी आम्ही सोबत देतोच, ती ड्रॉवरमध्ये पडून राहू नये.

मिस्त्रीकाकांना आता बारीक दिसत नाही, पण जिग त्यांचाच चालतो. खुंट्या झिजल्या की बदलतो, मूळ पत्रा तोच. बाईंची वही त्यांच्या परवानगीने कारखान्यात ठेवली आहे, नवीन मुलगा कामाला लागला की पहिल्या दिवशी ती वाचायला देते. त्या व्यापाऱ्याची चौकट आता 38 ची झाली आहे असं ऐकते. पोकळी अजून 7 चीच आहे. विकत घेताना पट्टी घेऊन जा.