मुलांसाठी मोफत ऑडिओबुक्स: झिप उघडली का?

आजचा दिवस मुलांच्या ऑडिओबुक्समध्ये गेला, म्हणून हे लगेच लिहून ठेवते. लिब्रिव्हॉक्स ही मोफत ऑडिओबुक्सची वेबसाइट २००५ पासून चालू आहे. कॉपीराइट संपलेली पुस्तकं स्वयंसेवक वाचतात, बहुतांश इंग्रजीत. खातं काढावं लागत नाही. पूर्ण पुस्तक उतरवलं की झिप फाइल (सगळी प्रकरणं एकत्र बांधलेली एकच फाइल) येते आणि बरेच जण इथेच अडकतात, कारण ती थेट वाजत नाही. फोनच्या फाइल्स ॲपमध्ये ती 'एक्स्ट्रॅक्ट' करा, मग एकेका प्रकरणाची एमपी३ दिसेल. प्लेअरचं शफल आठवणीने बंद करा, नाहीतर सातवं प्रकरण दुसऱ्याच्या आधी लागतं आणि मूल कंटाळून उठून जातं. ६४ केबीपीएस या आवाजाच्या दर्जाला तासाला साधारण २९ एमबी लागतात. नुसत्या वाचनाला तेवढं पुरतं.

लहानग्यांना एकच आवाज लागतो. शोधताना 'सोलो' निवडा. गटाने वाचलेल्या पुस्तकात मध्येच आवाज बदलतो.

मराठीसाठी 'प्रथम बुक्स' या प्रकाशनसंस्थेची स्टोरीवीव्हर ही गोष्टींची वेबसाइट बघाच. तिथल्या गोष्टी खुल्या परवान्यावर आहेत. लेखक, चित्रकार, अनुवादक यांची नावं घेऊन त्या आपल्या आवाजात रेकॉर्ड करता येतात. पंखा बंद करा, फोन तोंडापासून वीतभर लांब, जरा बाजूला धरा. म्हणजे 'फ' आणि 'भ' फुटत नाहीत.