गोळी अन् लोशन, दोन्ही सोबत
दोन वर्षं मी केस गळतात म्हणून नुसतं ५ टक्के मिनॉक्सिडिल लोशन लावत होतो, थोडे केस आले पण टक्कल वाढतच राहिलं, मग नागपूरच्या धरमपेठेतल्या स्किनच्या डॉक्टरांनी समजावलं की भाऊ, हे केसांच्या मुळाला वाढायला लावते पण केस बारीक करणारा डीएचटी हार्मोन याने कमी होत नाही, त्यासाठी फिनास्टेराइडची गोळी, रोज १ मिलिग्रॅम. दोन्हीचं काम वेगळं, म्हणून सोबत जास्त फायदा. पण फिनास्टेराइडने काही जणांची सेक्सची इच्छा कमी होते, मूडही बिघडतो, म्हणून मेडिकलमधून परस्पर आणू नका ना! अन् पीएसए टेस्ट (प्रोस्टेट ग्रंथीसाठीची रक्ततपासणी) असली तर गोळीचं सांगाच, आकडा जवळपास निम्मा येतो. मे महिन्यात घामाने लोशन वाहून जाते, मी रात्री कूलरसमोर डोकं कोरडं करून लावतो. दोन्ही सोबत सुरू करून आठ महिने झाले, गळणं बरंच थांबलं.