आई एकटी कशी राहते?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "आई या वयात वाईला एकट्या, त्यांना पुण्याला का नाही आणत?" कुठल्याही लग्नकार्यात हा प्रश्न मला ठरलेला.

आणलं होतं की. स्वतंत्र खोली, टीव्ही, हातात चहा. इथे तिला काही कमी नव्हतं, फक्त तिच्यावाचून कोणाचं अडत नव्हतं. तिकडे वाईच्या भजनी मंडळातल्या सगळ्यांना बीपीच्या गोळीची आठवण करणारी बाई, इथे स्वतःची गोळी झाली का ते मला विचारायला लागली.

बाबा गेल्यावर हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. कोणी वाईट बोललं नाही, नुसतं बोलावलं नाही. बाईला माणसं लागतात नेमकी तेव्हाच तिची वर्षानुवर्षांची ऊठबस आपण काढून घेतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, शासनाने इतर गावांनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. चांगलंच झालं. पण ठरावाने आमंत्रणं येत नाहीत.

भजनी मंडळाला पेटी वाजवणारी हवी होती आणि आईला पेटी येते, एवढ्यावर तिथे विषय मिटला.

तिथे नुसते प्रेमाचे उमाळे असतात असं मात्र समजू नका. गौळण कोण म्हणणार यावरून दोघींचा अख्खा आषाढ अबोला होता. त्यातच एकीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मुलगा बंगळुरूला. डोळ्यात थेंब घालायला आईने कालनिर्णयच्या चौकोनांत पेन्सिलीने पाळ्या लावल्या आणि मुद्दाम अबोल्यातल्या बाईंना दुपारची पाळी दिली. त्या रोज यायच्या, थेंब घालायच्या, एक शब्द न बोलता निघून जायच्या. पाळी मात्र एकही चुकवली नाही.

आता पंचाहत्तरी उलटल्यामुळे एसटी फुकट, त्यामुळे आई येते अधूनमधून. पण एकादशीच्या आत परत, शिवाय भिशीचा हिशेब तिच्याकडे.

तुम्हाला तिची काळजी वाटते ना, मग फोन करून "बरं आहे ना?" विचारू नका, काहीतरी काम सांगा. मागे माझ्या नणंदेने गोडा मसाला करून मागितला, तर आई दगडफूल कुठल्या दुकानातलं घ्यायचं यावर तासभर बोलत होती. वर म्हणाली, "डबा तुमचा पाठवा, माझे परत येत नाहीत."